मागचे पीस

कल्याणहून मुरबाडच्या वाटेला लागले की शहर मागे पडते आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या दिसू लागतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, आणि ते योग्यच झाले. परंतु या वाड्यांतील, घरच्या ओटीवर बसून बाण घडविण्याची विद्या स्मरणीय आहे.

बांबूची कांडी मंद आचेवर शेकून तिचा बाक काढावा, टोकास पाते बसवावे आणि शेपटाशी पिसे बांधावीत; ती मात्र एकाच बाजूच्या पंखाची असावीत, कारण डावे-उजवे एकत्र आले की एक जे वळवू पाहते ते दुसरे रोखते. बाण मागून सावरतो. पाते कितीही तीक्ष्ण असो, बाण मागून सावरतो.

आपल्या शब्दाचेही तसेच. कचेरीत वरिष्ठांपुढे एक आणि घरी गड्यामाणसांपुढे दुसरेच, असे ज्याचे आचरण, त्याचा हुकूम ऐकला जातो. मानला जात नाही.

पिसे झडतातही. तेव्हा कारागीर कांडी टाकून देत नाही. जुना दोरा उकलून नवी पिसे बांधतो. श्रोतेहो, कोणास दिलेला शब्द सैल झाला असेल, तर त्याच्या दुरुस्तीची तजवीज आताच करावी. एकदा कल्याण स्थानकातील गर्दीत शिरल्यावर हे कोणास सुचणार!