पडतं घेणं

माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री आजी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "वाद झाला की तू पडतं घे. घर टिकतं." तिने आयुष्यभर तेच केलं होतं, म्हणून तिच्या सांगण्याला वजन होतं. तरी तो शब्द माझ्या मनात कुसळासारखा रुतला. पडतं दरवेळी एकीनेच का घ्यायचं, हे मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्या शब्दाला दुसराही अर्थ असू शकतो हे मला कळायला लागलं ते ४४व्या वर्षी, ज्युदोच्या मॅटवर. मुलीला क्लासला सोडायला जात होते. ती दोन महिन्यांत कंटाळली आणि मी राहिले.

पहिले तीन आठवडे सरांनी फक्त पडायला शिकवलं. उकेमी. हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, आणि पाठ टेकते त्याच क्षणी सरळ हात मॅटवर आपटायचा. आपटायचा, टेकवायचा नाही. सगळी मेख इथेच आहे. माझ्या शेजारची आठ-नऊ वर्षांची पोरं चेंडूसारखी पडत होती, आणि माझा हात मात्र दरवेळी जमिनीला थोपवायला पुढे जात होता. "पडशील!", "जपून!", "धडपडू नकोस!" हे ऐकत आपण मोठे होतो. मोठं होणं म्हणजे न पडणं, असं शरीराने पाठ करून ठेवलेलं असतं. त्यामुळे प्रौढ माणूस ज्युदो शिकायला येतो तेव्हा ताकद किंवा लवचिकता कमी असणं ही त्याची खरी अडचण नसते. चाळीस वर्षांचा हा पाठ विसरायचा असतो, आणि विसरणं हे शिकण्यापेक्षा फार सावकाश होतं.

कोल्हापूरच्या लाल मातीत पाठ लागली की कुस्ती संपली. ज्युदोच्या सामन्यातही समोरच्याला वेगाने, जोराने आणि ताबा ठेवून पाठीवर टाकलं की इप्पोन, तिथेच निकाल. पण सरावात एका संध्याकाळी पन्नास वेळा पाठ लागते आणि तिला कुणी हार म्हणत नाही. टाकणारा तो तोरी, टाकला जाणारा तो उके, आणि थोड्या वेळाने भूमिका बदलतात. आज तू माझ्यासाठी पड, मग मी तुझ्यासाठी. आजीच्या घरात ही अदलाबदल कधी झाली नाही.

ज्युदो घडवणारे जिगोरो कानो अंगाने लहानखुरे होते आणि शाळेत दांडग्या मुलांचा जाच त्यांनी सोसला होता. जुजुत्सू शिकताना एका डावाचं मर्म त्यांनी गुरू फुकुदा हाचिनोसुके यांना विचारलं, तर गुरूंनी समजावून सांगण्याऐवजी त्यांना पुन्हा पुन्हा टाकलं. पुढे १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी देवळात, १२ तातामी चटयांच्या जागेत, कानोंनी आपली कोदोकान ही ज्युदोशाळा सुरू केली. ज्युदोतला 'जू' म्हणजे मृदू, नमणारं. ते समजावताना कानो एक हिशोब मांडत. समोरच्याची ताकद दहा, माझी सात. मी अडून राहिले तर हरणार. पण तो ढकलतो त्याच दिशेला मी मागे सरले तर तो तोल जाऊन पुढे येतो. त्या क्षणी त्याच्याकडे तीनच उरतात आणि माझे सात शाबूत असतात.

हा हिशोब पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर पडतं घेणंच. पण यात एक अट आहे, ती आजीने सांगितली नव्हती. मागे सरताना माझा तोल माझ्याकडे राहिला पाहिजे. तो सोडून मागे सरलं तर ती शरणागती झाली, आणि आपल्या घरांमध्ये बायकांकडून बहुतेक वेळा हीच मागितली जाते.

खांदा दुखावला तो चौथ्या महिन्यात. कुणी टाकलं नव्हतं. एकटीच पुढची कोलांटी घेत होते. उजव्या हाताची कमान करून तिच्यावरून गोल जायचं असतं. ऐन वेळी मला भीती वाटली, कमान मोडली आणि खांद्याचं टोक मॅटवर आपटलं. गळपट्टीचं हाड खांद्याला जिथे मिळतं तिथले बंध ताणले गेले होते. दोन आठवडे हात झोळीत, सहा आठवडे पडणं बंद.

सर म्हणाले, "ताई, हात झोळीत आहे, डोळे नाहीत. येऊन बसा." जपानीत याला मितोरी-गेइको म्हणतात, बघून करायचा सराव. मॅटच्या कडेला बसल्यावर मला प्रथमच टाकणाऱ्याचे हात दिसले. उजवा डाव टाकताना तोरीचा डावा हात उकेची उजवी बाही ओढतो, त्या ओढीनेच तोल जातो. पण उके हवेतून खाली येत असतो तेव्हाही तो हात बाही सोडत नाही. शेवटच्या क्षणी तो बाही वर खेचतो. त्यामुळे उकेचं अंग फिरून कुशीवर-पाठीवर उतरतं आणि डोकं वर राहतं. पाडणारा आणि सांभाळणारा हात एकच. चार महिने मी स्वतः पडत होते, पण तो हात मला कधी जाणवला नव्हता, कारण पडताना मी डोळे मिटत होते.

झोळी सुटल्यावर फक्त डावा हात वापरायची परवानगी मिळाली. एका हाताने जमेल असा एकच डाव सरांनी दिला, दे-आशी-बाराई. समोरच्याचं पाऊल पुढे पडत असतं, भार त्यावर येऊ लागलेला असतो पण पुरता आलेला नसतो, तेवढ्यात आपल्या पायाच्या तळव्याने ते पाऊल झाडून न्यायचं. पायरी समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं त्याला होतं. दोन्ही हात धड असताना मी लोकांना खेचून पाडायला बघत असे. आता खेचायची सोयच नव्हती. बाहीच्या कापडातून समोरच्याचं वजन कुठल्या पायावर चाललंय ते ओळखायला लागायचं, एरवी काही घडत नसे. तीन आठवड्यांनी ते एकदा घडलं. मी जोर लावला नव्हता, आणि समोरची सोळा वर्षांची मुलगी अलगद मॅटवर आडवी झाली. पडल्या पडल्या तीच म्हणाली, "काकू, आत्ता बरोबर!"

दुखापत हे वरदान असतं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं आहे. रात्री कूस बदलता येत नव्हती, केस विंचरायला मुलीला हाक मारावी लागत होती. दुखणं सोसण्याला शौर्य म्हणायची जी सवय खेळात आहे तिची मला चीड आहे. जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासून तीनेक दशकांत ज्युदो खेळताना १०० हून अधिक मुलं दगावली. त्यांतली पुष्कळ मुलं डोक्याला मार लागून गेली आणि पुष्कळशी नवशिकी होती. ज्या मुलाला अजून नीट पडता येत नाही त्याला मागच्या मागे जोरात टाकणं याला शिकवणं म्हणत नाहीत. डोक्याला मार बसल्यावर "काही झालं नाही, ऊठ" म्हणणारा शिक्षक मुलाला घट्ट करत नाही, त्याचा जीव धोक्यात घालतो. ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता यांनी १९८४च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये पोटरीचा स्नायू फाटलेला असताना लंगडत सुवर्णपदक घेतलं, ही गोष्ट प्रत्येक क्लासमध्ये सांगतात. मलाही ती आवडते. पण ती सलग २०३ लढती न हरलेल्या माणसाची गोष्ट आहे. सोमवारी सकाळी कामावर जायचं असलेल्या माणसाने तिच्यावरून आपला खांदा ठरवू नये.

अशा माणसासाठी ज्युदोने एक साधी खूण दिली आहे. गळा आवळला गेला, कोपर उलटं ताणलं गेलं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. त्याने तत्क्षणी सोडायचं. का, किती दुखलं, अजून थोडं सोसता आलं असतं का, असं काही विचारायचं नाही. आजीला अशी खूण कुणी दिली असती तर ती केव्हा थोपटली असती, याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, लग्नाच्या पहिल्या वर्षातच.

सहा आठवड्यांनी पुन्हा पडायला उभी राहिले तेव्हा समोर तीच मुलगी होती. तिने माझी बाही धरण्याआधी विचारलं, "काकू, उजवा खांदा ना? मग मी डावा डाव नाही घेणार, त्यात उजवीवर पडाल." तिने सावकाश कमरेवर घेतलं. मी डोळे उघडे ठेवले. छत फिरलं, डावा हात मॅटवर आपटला, आणि उजव्या बाहीला वरच्या बाजूने हिसका बसला. तिने सोडलं नव्हतं.

तेव्हापासून जोडी बदलली की मी आधी विचारते, "आज काय नको?" मोठी माणसं लगेच सांगतात: कंबर, मान, डावा गुडघा. मुलं सांगत नाहीत, त्यांना वाटतं सर संघातून काढतील. परवा ती सोळा वर्षांची माझ्यासमोर आली तेव्हा डावं पाऊल जरा जपून टाकत होती. एकच हात वापरून पाऊल झाडायला शिकल्यापासून मला हे कापडातूनच कळतं. "आज काय नको?"

"काही नाही, काकू."

मी तिची बाही धरून तशीच उभी राहिले. जरा वेळाने तिने सरांकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "डावा घोटा."