गुण आला, म्हणजे कारण कळले?

औषधाने गुण आला की रोगाचे मूळ सापडले, असे आपण सहज धरून चालतो. या तर्काचे कूळ जुने आहे. लक्षणांवरून रोग ओळखू येईना, तर कशाने बरे वाटते ते पाहावे, याला आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ म्हणून रीतसर जागा आहे. आणि नैयायिकांचा व्यतिरेकही तेच सांगतो, की अमुक नसेल तर तमुक होत नाही. पण एवढ्याने नेमके काय सिद्ध होते? कार्सिनॉइड गाठी आणि आल्फा-ब्लॉकर औषधे यांवर १९६०च्या दशकात झालेले संशोधन इथे उपयोगी पडते. ही गाठ बहुधा आतड्यातली. ती यकृतात पसरली की रुग्णाचा चेहरा आणि मान एकाएकी लालबुंद होते, जुलाब लागतात. आधी संशय गाठीतून स्रवणाऱ्या सेरोटोनिनवर होता. पण सेरोटोनिनला अडवूनही लाली थांबेना. उलट अ‍ॅड्रेनलिन टोचले की ती हटकून उमटे. हे विचित्रच, कारण अ‍ॅड्रेनलिनने एरवी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, चेहरा पांढरा पडतो. त्याहून विचित्र म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारे आल्फा-ब्लॉकर, ज्यांनी लाली वाढायला हवी, तेच ती रोखत होते! याचा सरळ अर्थ असा, की अ‍ॅड्रेनलिनचा घाव चेहऱ्यावर नव्हे, गाठीवर पडत होता. लाल करीत होती ती गाठीमुळे रक्तात उतरणारी ब्रॅडिकायनिनसारखी द्रव्ये.

मग कारण सापडलेच की, असे कोणी म्हणेल. सापडले ते निमित्तकारण. कुंभाराचा दांडा काढून घेतला तर घडा होत नाही, म्हणून घडा दांड्याचा बनलेला ठरत नाही. निमित्त रोखल्याने गाठ तसूभरही आक्रसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रुग्णाला आराम हवा, त्याला कारणांच्या प्रतवारीशी काय देणेघेणे? आराम खराच, आणि तो देणारे औषध हलके लेखण्याचे कारण नाही. पण लाली हा निरोपही असतो. तो थांबला तरी सेरोटोनिन स्रवत राहते आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड करते. १९८०च्या दशकात आलेल्या ऑक्ट्रिओटाइड या औषधाने गाठीच्या स्रावालाच लगाम घातला, तेव्हा आल्फा-ब्लॉकर मागे पडले. तरीही चेहरा निवळला म्हणून सेरोटोनिनचा स्राव जोखणारी चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आणि हृदयाचा इको टाळू नये.