करंट जातो, पण परततो का?

बुऱ्हाणपूरकरांना वाहत्या पाण्याचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. 1615च्या सुमारास बांधलेला, अब्दुर्रहीम खानखानाच्या नावाशी जोडलेला कुंडी भंडारा सातपुड्याकडचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं शहराकडे आणतो. वाटेत कुंड्या. पाणी आटलं तर एकेका कुंडीत डोकवायचं. जिथे दिसेनासं होईल, तिच्या वरच्या अंगाला अडथळा. जुन्या मोटरसायकलचं वायरिंग तपासतानाही डोक्यात हेच चित्र असतं: करंट बॅटरीतून निघाला, चावीपर्यंत आला, कॉइलला पोचला, मग गाडी का चालू होत नाही?

पाण्याला सातपुड्यात परत जायचं नसतं. करंटला मात्र बॅटरीत परतावंच लागतं, आणि परतीची वाट तुटली की जाणाराही जागच्या जागी थांबतो.

ही वाट नजरेला पडत नाही, कारण तिला बहुतेक ठिकाणी तारच नसते. जाण्यासाठी रंगीबेरंगी वायरी, परतीला इंजिन आणि चासीचं लोखंड. बॅटरीची एक वायर कुठल्याशा बोल्टखाली दाबलेली असते, एवढंच तिचं दर्शन. गॅरेजात तिला अर्थिंग म्हणतात.

पॉइंटवाली जुनी बुलेट घ्या. हेडलाइटच्या डब्यावर तिचा छोटा अँपिअर मीटर असतो. दिवे बंद ठेवून चावी लावा आणि किक सावकाश दाबत न्या. काटा ऋण बाजूला थोडा झुकतो, पुन्हा मध्यावर येतो. झुकतो तेव्हा पॉइंट मिटलेले असतात: कॉइलमधून आलेला करंट पॉइंटवाटे इंजिनाच्या अंगात उतरतो आणि लोखंडातून बॅटरी गाठतो. पॉइंट उघडले की हा फेरा तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व एकदम ओसरतं आणि प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पडते. किक कुठून मारायची ते ठरवायला बुलेटवाले हा काटा बघतात. माझ्या मते त्याचं मोठं काम वेगळंच आहे. काटा झुकला म्हणजे करंट घरी पोचला. झुकतच नसेल तर फेरा कुठेतरी उघडा आहे. झुकूनच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर करंट मधेच लोखंडाला शिवतोय.

काटा हलला नाही की लोक आधी कॉइल आणतात, मग कंडेन्सर, मग बॅटरी. आधी पॉइंट पुसावेत आणि फटीत फिलर गेज घालून बघावं (बुलेटला 0.35 ते 0.40 मिलिमीटर). तरी काटा ढिम्म असेल तर बॅटरीच्या अर्थिंग टोकापासून इंजिनाच्या बोल्टापर्यंत एक जादा वायर नुसती धरून बघावी. काटा झुकू लागला तर चोर सापडला. हौसेनं पावडर कोटिंग करून आणलेल्या गाड्यांत हा चोर हमखास भेटतो. तो चकचकीत थर वीज अडवतो, आणि बोल्टखालची जागा खरवडायचं कोणाला सुचत नाही. इच्छापूर रस्त्याकडच्या केळीच्या बागांतून चिखल तुडवत फिरणाऱ्या गाडीला तर रंगाचीही गरज नाही. दोन पावसाळ्यांचा गंज पुरतो.

वाट पुरती तुटलेली नसली तर निदान अवघड होतं. व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून हॉर्न दाबा. काटा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढा वाटेतच खर्च होतोय. 6 व्होल्टच्या जुन्या गाडीत एक व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा. हॉर्न न दाबता मोजाल तर मीटर काहीच दाखवणार नाही, कारण करंटच वाहत नाही तिथे गळती कशी दिसणार? इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकणं, ब्रेक दाबताच हॉर्नचा आवाज बसणं, हँडल वळवताच हेडलाइट मंद होणं, ही त्याच दुखण्याची लक्षणं. हँडलच्या बाबतीत तर परतीची वाट कधीकधी ग्रीस माखलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांतून जाते.

प्लगलाही हाच नियम लागू आहे. ठिणगी बघायला प्लग काढला की त्याचं धातूचं अंग सिलिंडर हेडला घट्ट टेकवून धरावं, प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. अंग टेकलंच नाही तर चांगली कॉइलही मेलेली वाटते, आणि नवी आणली तरी ठिणगी दिसत नाही.