आजारी माणसाचा काय दोष?

आपल्यापैकी कोणी आजारी पडले की शेजारीपाजारी, नातेवाईक आणि प्रार्थना-गटातील माणसे भेटीला येतात. ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. पण खाटेशेजारी बसून थोडा वेळ झाला की सल्ले सुरू होतात. कोणी सांगते, या गोळ्या बंद करा, महिनाभर नुसत्या फळांवर राहा. कोणी म्हणते, वेळीच पथ्य पाळले असते तर ही पाळी आली नसती. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. मात्र पाहुणे उठून गेल्यावर आजारी माणूस छताकडे पाहत विचार करत राहतो: हे दुखणे मी स्वतःच ओढवून घेतले का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आधी निसर्गोपचाराचे म्हणणे नीट समजून घेऊ या. कारण असे बरेचसे सल्ले त्याच्याच नावाने दिले जातात.

निसर्गोपचाराचा पाया साधा आहे. शरीराला स्वतःला बरे करण्याची शक्ती दिलेली आहे. जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, साधा ताप आपला आपण उतरतो. त्या शक्तीच्या वाटेतील अडथळे दूर करणे, एवढेच उपचार करणाऱ्याचे काम. त्यासाठी पाणी, माती, ऊन, हवा, उपवास आणि साधा आहार यांचा वापर करायचा. कटिस्नान, पोटावर मातीची पट्टी, ओल्या चादरीत गुंडाळणे हे त्यातील नेहमीचे उपाय.

या विचाराच्या इतिहासात एका कॅथलिक धर्मगुरूंचे मोठे स्थान आहे. फादर सेबास्टियन क्नाइप यांचा जन्म १८२१ साली जर्मनीतील बव्हेरियात एका गरीब विणकराच्या घरी झाला. धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत असताना त्यांना फुप्फुसाचा आजार जडला. जलोपचारावरचे एक जुने पुस्तक वाचून ते १८४९ च्या हिवाळ्यात डॅन्यूब नदीच्या गार पाण्यात काही क्षण बुडी मारू लागले. ते बरे झाले आणि १८५२ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८५५ पासून ते व्योरिसहोफन गावी धर्मभगिनींच्या मठात सेवा करू लागले. पाणी, वनस्पती, व्यायाम, आहार आणि नियमित जीवन या पाच गोष्टींवर त्यांची पद्धत उभी होती. १८८६ साली त्यांचे जलोपचारावरील पुस्तक निघाले आणि त्या लहानशा गावाकडे रुग्णांची रीघ लागली. १८९७ मध्ये ते देवाघरी गेले. त्यांच्याच पद्धतीने बरे झालेले बेनेडिक्ट लस्ट यांनी हा विचार अमेरिकेत नेला आणि तेथे ‘नॅचरोपथी’ हे नाव रूढ केले.

आपल्याकडे हा विचार रुजवला तो महात्मा गांधींनी. त्यांनी १९४६ साली पुण्याजवळच्या उरुळी कांचन या खेड्यात गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केले. तो आश्रम आजही चालू आहे.

इथपर्यंत आक्षेप घ्यावा असे काही नाही. चालणे, बेताचे खाणे, मीठ कमी करणे, वेळेवर झोपणे हे आज प्रत्येक डॉक्टर सांगतो. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये विचारलेला प्रश्नही रास्त आहे. जास्त खाऊन अपचन झाले, गोळी घेऊन बरे वाटले आणि पुन्हा जास्त खाल्ले, तर गोळीने आपले भले केले का?

अडचण पुढच्या पायरीवर येते. या पंथातील काही विचारवंतांनी असा सिद्धांत मांडला की निसर्गाचे नियम मोडल्याशिवाय रोग होत नाही. हेन्री लिंडलार यांनी १९१३ साली आपल्या पुस्तकात हेच आग्रहाने मांडले. हे मान्य केले की आजारी माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो आणि भेटीला येणारा न्यायाधीश होतो.

पण अनुभव आणि विज्ञान तसे सांगत नाहीत. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचा विचार करा. त्याचे शरीर स्वतःच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्याने खाण्यात चूक केली नाही, आईने संगोपनात कसूर केली नाही. इन्सुलिन मिळण्यापूर्वी डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. त्याने आयुष्य थोडे लांबे, पण मूल वाचत नसे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र बदलले. अशा मुलाचे इन्सुलिन बंद करायला सांगणे म्हणजे त्याला काही दिवसांत मरणाच्या दारी नेणे होय.

क्षयरोगाचेही तसेच. फादर क्नाइप नदीत उतरत होते तेव्हा क्षयाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ साली शोधून काढला. फादर वाचले, पण त्या काळात असंख्य तरुण वाचले नाहीत. त्यांची श्रद्धा किंवा शिस्त कमी होती, असे कोण म्हणेल? आज क्षयाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि साधारणपणे सहा महिन्यांत रोगी बरा होतो. पण बरे वाटू लागले म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि घरातल्या इतरांनाही धोका पोहोचतो.

जिथे राहणीचा थोडाफार वाटा असतो, तिथेही बोट दाखवणे सोपे नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी येणाऱ्या माणसाने फिरायला कधी जायचे? रक्तदाब कित्येकदा आईवडिलांकडूनच आलेला असतो. सारे नियम पाळणाऱ्यालाही कर्करोग होतो.

योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, नेमका हाच प्रश्न आला आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू दोन्ही नाकारतात. मग ते जमिनीवर थुंकून चिखल करतात, त्याच्या डोळ्यांना लावतात आणि त्याला शिलोआमच्या तळ्यावर धुवायला पाठवतात. माती आणि पाणी! पण आधी त्या माणसाच्या माथ्यावरचा दोष उतरवला आहे. हा क्रम आपण लक्षात ठेवायला हवा.

काहींना वाटते की डॉक्टरकडे जाणे म्हणजे निसर्गावरचा, पर्यायाने देवावरचा विश्वास सोडणे. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वेगळेच सांगतो. वैद्यालाही देवानेच निर्माण केले आहे, औषधेही त्यानेच मातीतून उगवली आहेत. म्हणून आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे. पेनिसिलिन बुरशीतून मिळाले, क्विनाइन सिंकोनाच्या सालीतून. उलट, क्षयाचा जंतूही निसर्गातलाच आहे. नैसर्गिक ते सारे हितकर आणि दवाखान्यातले ते सारे घातक, अशी वाटणी करता येत नाही. गांधीजींनीही जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती.

मग निसर्गोपचाराचे आपण काय करावे? ‘मी कसा जगतो?’ हा त्याचा प्रश्न मोलाचा आहे. तो प्रत्येकाने धडधाकट असताना स्वतःला विचारावा. संध्याकाळी पायी फिरावे, ताटातले तळण कमी करावे, बाटलीपासून दूर राहावे. उपवासकाळात आपण जो संयम शिकतो तो वर्षभर टिकवावा. आजारपणात असे उपाय करायचे असतील तर डॉक्टरांना सांगून करावेत, चालू औषध आपल्या मनाने सोडू नये. मात्र हाच प्रश्न आपण दुसऱ्याच्या खाटेशेजारी बसून विचारला की तो आरोप होतो.

११ फेब्रुवारी हा दिवस पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली आजाऱ्यांसाठी नेमून दिला. पण आपल्या धर्मग्रामात आजारी माणसे वर्षभर असतात. त्यांच्याकडे जाताना सल्ला घरी ठेवू या. रिपोर्ट आणायचे असतील तर आणून देऊ या, रात्री दवाखान्यात बसायला कोणी नसेल तर आपण बसू या, घरच्यांसाठी दोन भाकऱ्या आणि कालवण नेऊ या. आणि आजारी माणसाने स्वतःच ‘माझे काय चुकले?’ असे विचारले, तर त्याचा हात हातात घेऊन सांगू या की प्रभूने हा प्रश्न केव्हाच बाजूला सारला आहे.