छपरावरचे ऊन



जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात (अनु. २२:८) घरबांधणीविषयी एक छोटासा नियम आहे. मिस्सामध्ये तो क्वचितच कानावर पडतो. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा बांधावा, नाहीतर कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा भावार्थ आहे. त्या देशात छते सपाट असत. लोक तेथे धान्य वाळवत, रात्री झोपत, प्रार्थनाही करीत. संत पेत्र यापो गावी प्रार्थनेसाठी छतावरच गेला होता. माळवदाच्या घरांत वाढलेल्या सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको.

आम्हांला या नियमात एक गोष्ट फार विचार करायला लावते. घर माझे, पैसा माझा, छत माझे. तरी परमेश्वर बोलतो ते त्या छतावर येणाऱ्या दुसऱ्या माणसाविषयी. छत पूर्णपणे खाजगी नाही, असेच जणू तो सांगतो.

आता त्याच छतांवर सूर्यप्रकाशापासून वीज तयार होऊ लागली आहे आणि हा जुना प्रश्न नव्या रूपात आपल्या दारी आला आहे.

आपल्या शहरालगत कुंभारी येथे काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत विडी कामगार भगिनींना दहा हजार घरे मिळाली; २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. त्यानंतर रे नगर उभे राहिले. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे अशा असंघटितांसाठी तीस हजार घरांचा हा प्रकल्प. ९ जानेवारी २०१९ रोजी त्याचे भूमिपूजन झाले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पहिली पंधरा हजार घरे लोकांच्या हवाली केली. यामागे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. मास्तर लाल बावट्याचे आणि चाव्या देणारे अगदी दुसऱ्या टोकाचे. परंतु ज्या बाईच्या हातात चावी पडली तिला रंगाशी काय देणेघेणे!

या समारंभानंतर तिसऱ्याच दिवशी, २२ जानेवारीला, देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात ती 'पीएम सूर्यघर' योजना म्हणून सुरू झाली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये असे केंद्राचे अनुदान ठरले. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. लहान कुटुंबाला ती पुरते.

अडचण अशी की अनुदान सहसा नंतर खात्यात येते, खर्च मात्र आधी करावा लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्याने तो कोठून करावा? म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी वेगळी योजना मंजूर केली. 'स्मार्ट' असे तिचे संक्षिप्त नाव आहे. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० रुपये धरला, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात आणि स्वतःचे फक्त २,५०० रुपये भरावे लागतात. शंभर युनिटांच्या आतील इतर ग्राहकांना १०,००० रुपये आणि त्यांतील अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना ५,००० रुपये भरावे लागतात. हे चांगले काम आहे आणि चांगल्याला चांगले म्हणावे.

परंतु हे सारे ज्याला छत आहे त्याच्यासाठी. रे नगरचीच गोष्ट घ्या. एका इमारतीत तीन मजले, छत्तीस घरे आणि छत एकच. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. सुमारे तीनशे चौरस फुटांची बारा घरे एका मजल्यावर, म्हणजे छतही साधारण तेवढ्याच मापाचे. छत्तीस कुटुंबांना छत्तीस किलोवॅट द्यायचे म्हटले तर पाण्याच्या टाक्या, जिना आणि ये-जा करण्याची वाट सोडून जागा पुरणार नाही. मग कोणाला द्यायचे? वरच्या मजल्यावरचा म्हणेल, छत माझ्या डोक्यावर आहे, उन्हाची भट्टी मीच सोसतो. त्याचेही खोटे नाही. केंद्राच्या योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप आधी सूर्यावर चालवावेत आणि मग वाटणीचे बोलावे, असे आमचे मत आहे. पंपाचे पाणी तर छत्तिसांनाही लागते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. आपल्यात घरमालक आहेत आणि भाडेकरूही आहेत. रविवारी ते एकाच बाकावर बसतात. अनेक ठिकाणी मालक सबमीटर लावतो आणि भाडेकरूकडून युनिटमागे ठरावीक पैसे घेतो. उद्या त्या घरावर अनुदानाचे पॅनेल बसले, मालकाचे बिल जवळजवळ शून्यावर आले आणि भाडेकरूचा दर मात्र तोच राहिला, तर तो फरक कोणाचा? अनुदान जनतेच्या पैशातून आले, आणि सूर्याविषयी तर प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगूनच ठेवले आहे की पिता तो दुष्टांवर आणि सज्जनांवर सारखाच उगववतो. संत थॉमस अक्विनास यांनी मालकीचा हक्क मान्य केला. पण वापराच्या वेळी ती वस्तू सर्वांची समजून गरजवंताला देण्याची तयारी हवी, असेही त्यांनी शिकवले. मालकाने घातलेले पैसे त्याने अवश्य वसूल करावेत. त्यापुढे भाडेकरूचा दर उतरलाच पाहिजे. कायदा यावर काय म्हणतो तो प्रश्न वेगळा. ख्रिस्ती माणसाने तेथे थांबू नये.

ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांचे काय? जुना पत्रा पॅनेलचा भार पेलेलच असे नाही. तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय त्यावर काही बसवू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला तर भोके पाडूच नयेत. तेथे पहिली गरज विजेची नसून गारव्याची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. विड्या वळणाऱ्या भगिनीला पंखाही जोरात लावता येत नाही, तंबाखू उडते. तिला छपरावरचा पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग अधिक उपयोगी. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्या महानगरपालिकेनेही असे काही करावे असे आम्हांला वाटते. पण चुन्याचे पोते आणि कुंचला यासाठी आपल्या तरुणांनी ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पंख्यावरून आठवले. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा असतो. तो सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट जातात. नव्या बीएलडीसी पंख्याला तीस वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे चौदा-पंधरा युनिट. किंमत जास्त आहे खरी, पण शंभर युनिटांच्या आत राहू पाहणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

धर्मसभेनेही केवळ उपदेश केलेला नाही. २००८ मध्ये व्हॅटिकनमधील पॉल सहावे सभागृहाच्या छतावर दोन हजारांहून अधिक सौर पॅनेल बसले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक दिले आणि जून २०२४ मध्ये 'बंधू सूर्य' या नावाचे पत्र काढून सांता मारिया दी गालेरिया येथील जमिनीवर व्हॅटिकनसाठी सौर वीजप्रकल्प उभारण्याची आज्ञा केली. तेथे शेतीही त्याच जमिनीवर चालावी, अशी ती योजना आहे.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात आपले काही जाणकार तरुण बसतील. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी अलीकडचे वीजबिल, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि दारिद्र्यरेषेचा दाखला असल्यास तो सोबत आणावा. बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः यावे. 'योजनेचे पैसे आगाऊ द्या' असे सांगत दारोदार फिरणाऱ्या कोणालाही पैसे किंवा ओटीपी देऊ नये. आधी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी. घरमालकांनी आपल्या भाडेकरूंना सोबत आणले तर आम्हांला विशेष आनंद होईल. चुना लावायच्या घरांची यादी साक्रिस्तीत ठेवली आहे. आजवर त्यात विधवा भगिनींचीच नावे आली आहेत, आणि तरुणांपैकी कुंचला धरायला कोण येणार ती रकाने अजून रिकामे आहेत.