सोपविलेल्या वस्तूचा धर्म

मनुष्याच्या वस्तूत दोष दोन वाटांनी शिरतो. एक तर ती घडतानाच सदोष घडलेली असते, किंवा ज्याच्या हाती ती नीट करण्यासाठी दिली त्याच्याच हातून ती बिघडते. पहिल्या प्रकारात नुकसान मोठे असले तरी मनुष्य ते पुष्कळदा दैवावर ढकलून मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात नुकसान थोडे असले तरी तो कित्येक दिवस धुमसत राहतो. कारखान्याचा माल निकृष्ट निघाला तर आपण फसलो असे म्हणतो; दुरुस्तीवाल्याने वस्तू बिघडविली तर विश्वासघात झाला असे म्हणतो. हा भेद केवळ भावनेचा आहे, की त्याच्या मुळाशी काही नीतितत्त्व आहे? तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत सहसा न आढळणाऱ्या एका वस्तूच्या, म्हणजे मोटारीच्या चाकाच्या, आधाराने या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यात आले म्हणजे पुढे एक वाट नगर रस्त्याने जाते आणि दुसरी विश्रांतवाडीकडे वळते. या वाटांवर टायरच्या दुकानांची वाण नाही. कोठे जुन्या टायरांची चळत, हवेचा पंप आणि पंक्चर शोधण्यासाठी पाण्याने भरलेले टोपले एवढाच पसारा, तर कोठे काचेची दालने आणि चाकांचा तोल ग्रॅमच्या हिशेबाने सांगणारी यंत्रे. दुकान लहान असो वा मोठे, गिऱ्हाइकाची स्थिती एकच असते. चाक उतरते, यंत्रावर चढते, जुना टायर निघतो, नवा बसतो. आणि हे सर्व होत असता गिऱ्हाईक रस्त्याकडे पाहत चहा घेत असतो. समोर उभा राहिला तरी त्याला समजणार ते काय?

अशाच एका दुकानात आम्ही आमच्या गाडीचे चारही टायर बदलून घेतले. नव्या टायरांवर गाडीने ताशी ८० किलोमीटरचा वेग घेतला की हातातील चक्र थरथरू लागे. दुकानदाराने प्रथम रस्त्यांस दोष दिला. मग पुन्हा तोल पाहून रिमेच्या कडेला शिशाचे आणखी दोन तुकडे ठोकले. थरथर गेली नाही. शेवटी दुसऱ्या एका कारागिराने चाके उतरवून पाहिली, तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एका टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगवटा आला होता, म्हणजे आतील दोऱ्यांचा थर तुटला होता. आणि एक रिम वाकली होती. ती तापवून, ठोकून सरळ केली होती आणि त्या जागेवर चंदेरी रंगाचा हात फिरविला होता. रंग इतका ताजा होता की नखाने निघत होता.

आम्ही पहिल्या दुकानी परत गेलो. दुकानदार म्हणाला, फुगवटा हा कंपनीचा दोष. कंपनीच्या माणसाने सांगितले, फुगवटा आघाताने येतो, घडणीत नसतो. रिमेविषयी दुकानदाराचे म्हणणे असे की, पुण्याच्या खड्ड्यांत कोणाची रिम वाकत नाही? या तिघाही प्रतिपादनांत काही ना काही तथ्य होते, आणि खरी अडचण तीच होती. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे होते. बऱ्याच बोलाचालीनंतर मालकाने रिमेची किंमत दिली. आम्ही निघालो तेव्हा टायर चढविणारा मुलगा गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “सर, तेव्हाच सांगितलं असतं तर रिमेचे पैसे माझ्या पगारातून गेले असते.” सर्व वादात विचार करावयास लावणारे वाक्य आम्हांस एवढेच ऐकावयास मिळाले. त्याकडे आम्ही पुढे वळू.

दोष कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांपुढे फार पूर्वी आला आहे, आणि योगायोग असा की तोही चाकामुळेच. न्यूयॉर्क राज्यात मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाच्या ब्यूक गाडीच्या एका चाकाचे लाकडी आरे निकृष्ट लाकडाचे होते. ते मोडले आणि मॅकफर्सन बाहेर फेकला जाऊन जखमी झाला. चाक कंपनीने दुसऱ्या कारखान्याकडून घेतले होते, आणि गाडी मॅकफर्सनने कंपनीकडून नव्हे, विक्रेत्याकडून घेतली होती. तेव्हा त्याचा आमचा करार कोठला, असे कंपनीचे म्हणणे. १९१६ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निर्णय दिला की, जी वस्तू निष्काळजीपणे घडविल्यास जिवास धोका आहे, ती घडविणाऱ्याची जबाबदारी करारापाशी संपत नाही; साध्या तपासणीने दिसला असता असा दोष कंपनीने तपासलाच नव्हता. तरीही बोट दाखविण्याची वृत्ती संपली नाही. २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. टायरची वरची पट्टी सुटून गाड्या उलटत होत्या आणि माणसे मरत होती. फोर्ड कंपनी म्हणे दोष टायरचा. टायरवाले म्हणत दोष गाडीच्या रचनेचा आणि फोर्डने ठरवून दिलेल्या हवेच्या कमी दाबाचा. जवळजवळ शंभर वर्षांचा त्यांचा संबंध २००१ साली या वादापायी तुटला.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालापासून झालेल्या हानीबद्दल निर्माता, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवरही दावा लावण्याची सोय केली आहे. गिऱ्हाइकाने जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जावे, एवढी सवलतही आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सेवेतील उणीव म्हणजे काय हे सांगताना या कायद्याने ग्राहकास कळावयास हवी अशी माहिती जाणूनबुजून दडविणे याचाही उणिवेत समावेश केला आहे. रिम वाकविणे ही एक उणीव. ती वाकल्याचे न सांगणे ही दुसरी, आणि स्वतंत्र.

हा विचार आपणांस परका नाही. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप येतो. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू. त्याच स्मृतीत परिटाविषयी नियम आहे की, त्याने कपडे शेवरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावे, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि ते दुसऱ्यास नेसावयास देऊ नयेत. त्या स्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज टाकाऊ ठरल्या आहेत व योग्यच झाले. पण कारागिराच्या हाती गेलेली वस्तू अजून मालकाचीच असते, ही जाणीव त्या परिटाच्या फळीत आहे. १८७२ च्या करार कायद्यानेही हेच सांगितले. ज्याच्या हाती वस्तू सोपविली त्याने, साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी, असे त्याचे १५१ वे कलम म्हणते. त्याच्या आधीचे कलम मात्र गिऱ्हाइकास फारसे ठाऊक नसते. वस्तू सोपविणाऱ्यास तिच्यातील जे घातक दोष माहीत असतील ते त्यानेही सांगितले पाहिजेत, असे ते बजावते. काल खड्ड्यात आपटलेली रिम मुकाट्याने दुकानात नेऊन आज तिचा दोष दुकानदाराच्या माथी मारणारे गिऱ्हाईक येरवड्यात काय किंवा अन्यत्र काय, दुर्मिळ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कारखान्यात टायर घडविणाऱ्यास तो कोणाच्या गाडीला लागणार हे ठाऊक नसते. दुरुस्तीवाल्याने मात्र किल्ली आमच्या हातून घेतलेली असते, गाडीत मागे बसलेले मूल पाहिलेले असते. पण एवढ्याने विश्वासघात ठरत नाही. हात चुकणे हे मनुष्याचे लक्षण आहे, आणि जो हात कधीच चुकत नाही असा कारागीर आम्ही पाहिला नाही. विश्वासघात ठरतो तो पुढच्या क्षणी. रिम वाकली त्या क्षणी ती वाकली हे जाणणारा जगात एकच मनुष्य होता. मिश्रधातूची रिम बेताल तापविली म्हणजे तिचे बळ घटते, पुढे ती तडकू शकते, हे ज्ञान त्याच्यापाशी होते आणि आमच्यापाशी नव्हते. ज्याच्यापाशी एकट्यापाशीच ज्ञान आहे, त्याचे मौन हे साधे मौन राहत नाही. त्या मौनाने तो धोका स्वतःच्या अंगावरून काढून जो तो पाहू शकत नाही त्याच्या अंगावर टाकतो; आणि केवळ त्याच्याच नव्हे, तर त्या गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाच्या अंगावर. रंगाचा तो हात सुंदर दिसण्यासाठी नव्हता, आम्ही पाहू नये म्हणून होता. म्हणून आमच्या मते दुरुस्ती करणाराचे पहिले कर्तव्य कौशल्य नसून कथन हे आहे. अकुशल पण सांगणारा कारागीर आपले पैसे बुडवील. कुशल पण दडविणारा कारागीर जीव घेईल.

यावर कोणी म्हणेल, हा उपदेश त्या पोराला करावयाचा काय? बारा बारा तास चाके उचलणाऱ्या, महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या मुलाने एका रिमेची किंमत भरून सत्यवादी व्हावे, ही अपेक्षा आम्हांसही निर्दय वाटते. येथेच त्या वाक्याचे मोल आहे. ज्या दुकानात सांगणाऱ्यास दंड आणि दडविणाऱ्यास अभय, तेथे लबाडी ही मुलाची नसून व्यवस्थेची असते. ती व्यवस्था मालकाने केलेली असते. हात चुकण्याचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून मालकाने सोसला, आणि दंड केवळ दडविल्याबद्दल ठेवला, तर तोच मुलगा दुसऱ्या दिवशी सांगू लागेल. गिऱ्हाइकाचाही यात भाग आहे. जो आपण होऊन चूक सांगतो त्याच्यावर चारचौघांत ओरडून आपण त्यास पुढच्या वेळी गप्प बसावयास शिकवितो.

येरवड्याच्या तुरुंगात १९३० साली गांधीजी आश्रमवासीयांना दर आठवड्यास व्रतांविषयी पत्रे लिहीत. अस्तेयासंबंधीच्या पत्रात त्यांनी चोरीची व्याख्या पुष्कळ रुंद केली. आपणास ज्याची गरज नाही ते घेणे हीही चोरी, असे त्यांनी म्हटले. त्याच तुरुंगाचे नाव घेऊन ‘येरवडा चक्र’ नावाचा पेटीत मावणारा चरखाही प्रसिद्ध झाला. त्याची दोन्ही चाके, माळ आणि चाती सारे डोळ्यांसमोर असते. काही बिघडले तर कातणाऱ्यास कानानेच कळते. अशा यंत्राशी वागताना दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. आमच्या गाडीच्या चाकात मात्र पोलादी तारांचे थर रबराच्या पोटात दडलेले असतात. टायरच्या भिंतीवर उठविलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात घडला हे वाचता येते. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते. एवढे गिऱ्हाइकाने शिकून घ्यावे, आणि घेतलेच पाहिजे. पण त्यापलीकडे त्याची दृष्टी जात नाही. वस्तू जितकी अपारदर्शक होत जाईल, तितका माणसाचा शब्द पारदर्शक असावा लागेल. अस्तेयाची व्याख्या आपण आणखी एक पाऊल पुढे न्यावी असे आम्हांस वाटते: दुसऱ्याला स्वतःचा जीव सांभाळण्यासाठी जे कळणे अवश्य आहे ते दडविणे, हीही त्याची चोरीच होय.

पूर्वी गावातल्या सुताराने गाडीचे चाक भरले तर तो त्याच गाडीतून जत्रेस जात असे. त्याचे काम आणि त्याचा जीव एकाच चाकावर असे. आज तो बांध राहिला नाही, आणि कायदा त्याची जागा पूर्णपणे भरून काढील असे आम्हांस वाटत नाही. कारण आयोगापुढे प्रकरण जाते ते दोष उघड झाल्यावर, आणि चाकाच्या बाबतीत दोष पुष्कळदा भर वेगात उघड होतो. त्या आधी बोलू शकतो तो एकच. दुकानाच्या दारी दरपत्रक लावतात, त्याच्या शेजारी मालकाने एवढे लिहावे: येथे काम करताना काही बिघडल्यास आम्ही आपण होऊन सांगू, आणि सांगणाऱ्याच्या पगारास हात लागणार नाही. असे दुकान चार पैसे अधिक घेत असले तरी तेथेच जावे, अशी आमची वाचकांस शिफारस आहे.