कृपादान कोणाचे?

गेल्या चातुर्मासात नगरकडच्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध मास्तर भेटावयास आले. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पिशवीतून त्यांनी जुन्या टाळांची जोडी काढली आणि म्हणाले, “बुवा, हे आमच्या आजोबांचे. मुलगा हल्ली ज्या प्रार्थनासभेला जातो, तेथे पवित्र आत्म्याची दाने मिळतात म्हणे. कोणी न शिकलेली भाषा बोलतो, कोणी हात ठेवून दुखणे घालवतो. तेथे त्याला सांगतात, हे टाळ परक्या देवाचे, घराबाहेर टाक. तुम्ही शास्त्र शिकलेले. काय करू?”

दुसऱ्याच्या घरातला न्याय मी कसा करावा? चहा पाजला आणि वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. पुढे मराठी बायबल मिळवून वाचले.

करिंथ नावाच्या ग्रीक नगरातल्या मंडळीला पौलाने पहिल्या शतकात पत्र लिहिले. त्यात या दानांचा विचार आहे. ज्ञानाचे वचन, रोग बरे करणे, अन्य भाषा बोलणे, तिचा अर्थ सांगणे, अशी नऊ दाने तो मोजतो. मराठीत त्यांना ‘कृपादान’ म्हटले आहे आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण मूळ ग्रीक शब्दाच्या पोटी कृपाच आहे. येथे मी थबकलो. आपल्याकडे अशा गोष्टी निघाल्या की आपण चटकन ‘सिद्धी’ म्हणतो. पण सिद्धी ही साधनेची कमाई, आणि पतंजलींनी तर तिला समाधीतले विघ्न मानले. कृपादान कमावलेले नसते. ते पात्र पाहून मिळत नाही, आणि मिळते ते स्वतःसाठी नव्हे, सगळ्या मंडळीसाठी. म्हणून पौल बजावतो की अन्य भाषेचा अर्थ सांगणारा कोणी नसेल तर सभेत गप्प बसावे. आणि या सर्वांच्या वर तो प्रेमाला बसवतो. चांगदेवांची वाघावरची स्वारी आणि मुक्ताबाईंपुढे त्यांचे नमणे ज्याने ऐकले आहे, त्या वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, बुवा, हे सारे दूरदेशीचे. तसे नाही बरं का! पुण्याहून आगगाडीने पंढरीस निघालात की वाटेत केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति सदन. 1905 साली तेथल्या मुलींमध्ये मोठी जागृती झाली. शेकडो जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. पुढे काहींच्या मुखातून न शिकलेल्या भाषेचे शब्द निघाले, असे तेथल्यांनी लिहून ठेवले आहे. हा गलबला काही परदेशी मंडळींना रुचला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींना अडवले नाही. आपल्या लोकांनी आपल्या स्वभावाप्रमाणे देवाला हाक मारावी, असा त्यांचा पक्ष. कंठ दाटणे, रोमांच, अश्रू ही भक्तांची लक्षणे नारदांनी सांगितली आहेत; त्या पुराणिकाच्या लेकीला ती कोठून ठाऊक होती, हे मी सांगायला नको.

तिने वारसा टाकला, असे आपल्यातले पुष्कळ म्हणतात. मीही म्हणत असे. पण अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्र्यांपुढे जाब द्यावा लागला. मी त्याच शास्त्र्यांच्या पाठशाळेतला. रमाबाई 1883 साली ख्रिस्ती झाल्या त्याआधी त्यांना विधवा म्हणून या समाजाने काय देऊ केले होते, याचा हिशेब आमच्या पाठशाळेत कोणी शिकवला नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट निराळी. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. 1917 साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांच्या ख्रिस्ताने त्यांना मराठी विसरायला लावले नाही.

मला वाटते, मास्तरांचा मुलगा चुकतो तो येथे. जे काल सभेत मिळाले ते तेवढे दान, आणि जे आजोबांकडून आले ते ओझे, असे तो धरून चालला आहे. पण मातृभाषा कोणी कमावली? टाळाचा ठेका कोणी तप करून मिळवला? तेही फुकटच मिळालेले. देणारा कोण, याविषयी त्याचे आणि माझे जमणार नाही, आणि जमल्याचे नाटक मी करणार नाही. तो म्हणेल ख्रिस्त, मी म्हणेन पांडुरंग. हा भेद खरा आहे.

एक स्वतःचे सांगतो. ऐन उमेदीत माझ्या कीर्तनात एक तरुण भावावेशाने पडला. लोक विठ्ठलाला सोडून माझ्या पाया पडू लागले आणि मला ते आवडले! पुढची दोनतीन वर्षे मी कीर्तनात नाम कमी आणि कोण पडते याकडे लक्ष जास्त, असाच उभा राहिलो. मग एका हिवाळ्यात घसा बसला, तो चार महिने. त्या चार महिन्यांत मी मागे उभा राहून टाळ धरले. कोणी ओळखले नाही.

दिवाळीनंतर मास्तरांना पत्र टाकले. “टाळ टाकू नका. मुलावर रागावूही नका, त्याच्या सभेत एकदा जाऊन बसा. पुढच्या सप्ताहाला मी येतोच आहे. टाळ घेऊन या, आणि त्यालाही आणा. गाऊ नको म्हणावं हवं तर, नुसता ठेका धर.”

अजून उत्तर नाही.